स्क्रू बसवण्याआधी हाड मोजा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मणक्याच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाची साखर, रक्तदाब, हृदय सगळे तपासले जाते. ज्यात स्क्रू धरायचा ते हाड मात्र बहुधा न मोजताच राहते. ठिसूळ हाडात स्क्रू ढिला पडतो, दोन मणक्यांमध्ये आधाराला बसवलेली केज मणक्यात रुतते, जोडलेल्या भागाच्या लगेच वरचा मणका दबतो आणि पाठ पुन्हा वाकते. मग दुसरी शस्त्रक्रिया, तीही त्याच हाडात.

पण नुसता 'डेक्सा (हाडाची घनता मोजणारी एक्स-रे तपासणी) सक्तीची' असा आदेश काढून भागणार नाही. कंबरेची डेक्सा नेमकी याच रुग्णांत फसवते. झिजलेल्या मणक्यांना फुटलेले हाडाचे काटे, जाड झालेले सांधे, महाधमनीत साचलेले कॅल्शियम, जुना दबलेला मणका, हे सारे यंत्र घनतेतच धरते. आतले जाळीदार हाड विरळ असूनही टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाशी तुलना करून येणारा घनतेचा आकडा) ऑस्टिओपोरोसिसच्या, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या आजाराच्या, उणे २.५ या मर्यादेच्या बराच वर राहतो. म्हणून खुबा मोजायलाच हवा. कंबरेत आधीच धातू असेल तर हाताच्या रेडियस हाडाचा मनगटाकडचा एक तृतीयांश बिंदूही मोजावा. शेजारच्या मणक्याहून टी-स्कोअरमध्ये १ पेक्षा जास्त फरक असलेला मणका वगळावा. दोन मणकेही उरले नाहीत तर कंबरेच्या आकड्यावर निदान करू नये.

अनेकांचा सीटी स्कॅन शस्त्रक्रियेसाठी झालेलाच असतो. त्यातच उत्तर असते, कोणी वाचत नाही एवढेच. कंबरेच्या पहिल्या (एल-१) मणक्याच्या मध्यावरच्या आडव्या छेदात, बाहेरचे टणक कवच आणि मागची शीर टाळून लंबवर्तुळ काढायचे आणि सरासरी हाउन्सफिल्ड आकडा (सीटीवरचे घनतेचे माप) पाहायचा. तो ११० च्या खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिसचा दाट संशय; १६० च्या वर असेल तर शक्यता कमी. हे आकडे १२० किलोव्होल्टच्या स्कॅनचे. शिरेतून कॉन्ट्रास्ट (प्रतिमा उठावदार करणारे औषध) दिला असेल तर आकडा फुगतो. काम मिनिटभराचे, वेगळे रेडिएशन नाही. सीटी अहवालात ही एक ओळ बंधनकारक करावी, ही आमची मुख्य मागणी.

बाजूने काढलेल्या एक्स-रेत मणक्याची उंची २० टक्क्यांहून अधिक घटलेली असेल तर 'वयोमानानुसार बदल' लिहून सोडू नये. किरकोळ धक्क्याने मणका दबला असेल आणि गाठ किंवा जंतुसंसर्ग नसेल, तर टी-स्कोअर काहीही असो, ऑस्टिओपोरोसिसचे निदान झालेच. ६५ वर्षांवरील सर्वांची आणि ५० नंतर जोखीम असलेल्यांची (उदा. ३ महिने रोज ५ मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड) तपासणी व्हावी. सोबत कॅल्शियम, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व, पॅराथायरॉइड संप्रेरक यांच्या रक्तचाचण्या हव्यात, कारण ड जीवनसत्त्वाअभावी मऊ पडलेले हाडही टी-स्कोअर खाली आणते आणि त्याचे उपचार वेगळे.

औषधपुरवठ्याचेही पाहावे. डेनोसुमॅब हे हाडाची झीज रोखणारे, दर ६ महिन्यांनी द्यायचे इंजेक्शन. साठा संपला म्हणून ते लांबले, तर हाडाची झीज उसळते आणि एकदम अनेक मणके मोडू शकतात. अखंड पुरवठ्याची हमी नसलेल्या केंद्रांत ते सुरूच करू नये.

आपले,
मणक्याच्या रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर