इनामगावची माणसं डेक्कन कॉलेजात आहेत, त्यांना भेटायला जा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागे तुमच्या रविवारच्या पुरवणीत ‘सुट्टीत मुलांना घेऊन पुण्यात कुठे जाल’ अशी यादी आली होती. शनिवारवाडा, लाल महाल, केळकर संग्रहालय, पर्वती, आगाखान पॅलेस, सगळं बरोबर आहे आणि सगळं दाखवायलाच पाहिजे. पण त्यात डेक्कन कॉलेजचं म्युझियम, जिथे इनामगावच्या उत्खननातल्या वस्तू ठेवल्यात ते, कुठेच नव्हतं म्हणून राहवलं नाही आणि हे पत्र लिहायला बसलो. मी विश्रांतवाडीला राहतो, मूळचा शिरूर तालुक्यातला. आमच्या भागातून पुण्यात जाणाऱ्या माणसांनी बसच्या खिडकीतून त्या कॉलेजची झाडी आयुष्यभर बघितलेली असते पण गेटच्या आत गेलेला माणूस शोधावा लागतो. आणि गावाकडून कोणी येणार असेल तर आधी हे सांगावं लागतं की बाबा डेक्कन कॉलेज डेक्कन जिमखान्याला नाहीये, बंडगार्डनचा पूल ओलांडून येरवड्याकडे ये.

आधी त्या बिल्डिंगबद्दल. काळ्या दगडाची, टोकदार कमानींची, उतरत्या छपरांची इंग्रजी धाटणीची इमारत आहे, १८६४ साली गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या हस्ते पाया घातला गेला आणि १८६८ मध्ये कॉलेज तिथे राहायला आलं. नकाशा कॅप्टन विल्किन्सचा, सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मोठी देणगी दिली. पण ही संस्था त्याच्याही आधीची, १८२१ ची. पेशवाई गेल्यावर मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या दक्षिणा वाटायच्या पैशातलाच काही भाग वळवून विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, तीच पुढे पूना कॉलेज आणि मग डेक्कन कॉलेज झाली. म्हणजे दगड आणि कमानी इंग्रजांच्या पण सुरुवातीचा पैसा आपल्याच इथल्या, श्रावणात पंडितांना दक्षिणा वाटायच्या त्या पैशातला. टिळक आणि आगरकर इथेच शिकले, आपण शाळा काढायची हे त्यांचं इथल्याच गप्पांमध्ये ठरलं आणि १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल उभी राहिली हे पुण्यात सगळ्यांना पाठ असतं. पुढचं मात्र फार कमी लोकांना माहिती आहे. १९३४ मध्ये सरकारने हे कॉलेज बंद केलं होतं! माजी विद्यार्थी कोर्टात गेले, भांडले, आणि १९३९ च्या ऑगस्टमध्ये संशोधन संस्था म्हणून ते परत सुरू झालं. त्याच वर्षी डॉ. हसमुख सांकलिया पुरातत्त्व शिकवायला आले, इरावतीबाई कर्वेही तेव्हाच आल्या. ते विद्यार्थी कोर्टात गेले नसते तर मी पुढे जे सांगणारे त्यातलं काहीच झालं नसतं, म्हणून मला त्या लोकांबद्दल खरंच फार आदर वाटतो.

आता मुद्द्याचं. शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठावर इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ अशी पंधरा एक वर्षं डेक्कन कॉलेजच्या लोकांनी उत्खनन केलं, सांकलिया होते, ढवळीकर होते, अन्सारी होते. एवढी वर्षं एकाच गावात बसून, घर न घर मोकळं करून बघणं हे आपल्या देशात फार कमी ठिकाणी झालंय. आणि काय सापडलं तर एक आख्खं शेतकऱ्यांचं गाव, साधारण इ.स.पू. १६०० ते इ.स.पू. ७०० मधलं, म्हणजे शिवाजी महाराजांच्याही सव्वादोन ते सव्वातीन हजार वर्षं आधीचं. आपण पुण्याचा इतिहास म्हटलं की पेशव्यांपासून सुरू करतो, फार तर जिजाऊंनी सोन्याचा नांगर फिरवला तिथून, पण आपल्याच जिल्ह्यात त्याच्या कितीतरी आधी लोक सातू पेरत होते, गहू पेरत होते, गाईबैल शेळ्यामेंढ्या पाळत होते आणि नदीतले मासे खात होते.

माझी आत्या शिरूरहून आली होती तेव्हा तिला मी मुद्दाम घेऊन गेलो, सोबत मुलगा पण होता. तिचं शिक्षण चौथीपर्यंत, आयुष्य सगळं शेतात गेलंय, आणि तिला तिथलं जेवढं कळलं तेवढं मला कधीच कळलं नव्हतं. इनामगावची घरं कुडाच्या भिंतींची, वर गवताचं छप्पर, खाली सारवलेली जमीन, घरात चुलीची जागा, धान्यासाठी जमिनीत पेव खणलेलं आणि कणगी म्हणजे धान्याची मोठी टोपली ठेवायला मातीचे गोल ओटे. हे वाचून दाखवायला लागलो तर तिने मला थांबवलं आणि पुढचं तीच नातवाला सांगायला लागली, पेव आतून कसं लिंपायचं, उंदीर लागू नये म्हणून काय करायचं, कणगीखाली ओटा का लागतो म्हणजे ओल वर चढत नाही. मुलगा अर्धा तास तिचं ऐकत होता, मोबाईल मागितला नाही त्याने. ती तिथल्या भांड्यांपुढेही बराच वेळ उभी होती. तांबड्या रंगाची, त्यावर काळ्या रेघा, काहींना तोटी, चाकावर केलेली इतकी पातळ आणि इतकी पक्की भाजलेली. ह्यांना जोर्वे पद्धतीची भांडी म्हणतात, संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावात ती आधी सापडली म्हणून. आत्या म्हणाली कुंभार चांगला होता गावचा.

मग ते रांजण. लहान मूल गेलं की दोन रांजणांमध्ये ठेवायचे, तोंडाला तोंड लावून आडवे, आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले सापडलेत, गेलेल्या माणसाने घर सोडून जाऊ नये म्हणून असावं असा संशोधकांचा अंदाज. पण एक रांजण वेगळाच आहे, कच्च्या मातीचा, पोटाला फुगलेला आणि खाली चार पाय असलेला, त्यात एक पुरुष मांडी घालून बसवल्यासारखा होता आणि त्याचे पाय तोडलेले नव्हते. तो सापडला पाच खोल्यांच्या मोठ्या घरात, शेजारी धान्याचं कोठार, म्हणून तो गावचा प्रमुख असावा असं मानतात. सोनार, कुंभार, मणी करणारे असे कारागीर गावाच्या पश्चिमेकडे राहायचे आणि मोठे शेतकरी मधोमध. एका घराच्या जमिनीत झाकणाच्या मातीच्या डबीत ठेवलेली बिनडोक्याची देवी मिळाली, सोबत मातीचा बैल. हे सगळं ऐकल्यावर आत्याने बाहेर आल्यावर पण मुलांच्या रांजणांबद्दल दोनदा विचारलं, कोणाची असतील, कशाने गेली असतील.

मला स्वतःला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगतो. त्या लोकांनी नदीचं पाणी आणायला चर खणला होता, बाजूला दगडमातीचा बांध घातला होता. तरी इ.स.पू. १००० च्या सुमाराला पाऊस कमी होत गेला असं संशोधक सांगतात. मग चौकोनी मोठी घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या आल्या, भांडी ओबडधोबड झाली, गहू मागे पडला, गाईबैल कमी झाले आणि शेळ्यामेंढ्या वाढल्या, शिकारीवर पोट भरायला लागलं, आणि शेवटी इ.स.पू. ७०० च्या आसपास गाव उठलं. आमच्या घरात बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी आजोबा सांगायचे, खडी फोडायला गेलेले लोक, विकलेले बैल. शिरूरच्या माणसाला ही म्युझियमची माहिती परकी वाटूच शकत नाही. इनामगावचं उत्खनन चालू असतानाच तो दुष्काळ पडला होता, म्हणजे खाली जुन्या दुष्काळाच्या खुणा निघतायत आणि वर लोक रोजगार हमीच्या कामावर, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

कॉलेजच्या आवारात मराठा इतिहासाचं म्युझियम पण आहे, ते मूळ साताऱ्याचं. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीसांनी जन्मभर जमवलेले कागद, नकाशे, चित्रं, नाना फडणीसांच्या मेणवलीच्या दप्तरातले कागद, हे सगळं १९३९ मध्ये इथे आलं. मोडी वाचणाऱ्यांना तर तिथे किती दिवस पुरेल सांगता येत नाही. त्याच्यावर वेगळं पत्र होईल म्हणून इथे थांबतो.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. एक तुम्हाला, की पुढची यादी कराल तेव्हा हे नाव घाला आणि जमलं तर इनामगाववर एक पूर्ण पान द्या, तिथल्या संशोधकांना बोलतं करा, ते शिकवणारे लोक आहेत, विचारलं की सांगतात. दुसरी शिरूर, दौंड, हवेली भागातल्या झेडपीच्या शाळांच्या सरांना आणि बाईंना. डिसेंबर-जानेवारीत तुमच्या सहली पुण्यात येतातच, शनिवारवाडा करून बस दुसऱ्या ठिकाणी जाते, त्यात एक तास येरवड्याला द्या. आधी फोन करून वेळ आणि परवानगी विचारून घ्या म्हणजे मुलं गेटवर ताटकळणार नाहीत. आणि जाताना गावातली एखादी म्हातारी आजी सोबत घ्या, जिने पेव उघडलेलं आहे आणि जात्यावर दळलेलं आहे. ती पिढी आता फार राहिलेली नाही, काचेमागच्या निम्म्या वस्तू कशा वापरायच्या हे फक्त त्यांनाच माहिती आहे, आणि मुलांनी त्यांच्याच तोंडून ते ऐकलं तर पाटीवर लिहिलेल्यापेक्षा कितीतरी जास्त लक्षात राहतं. कॉलेजने पण अशा आज्यांचं सांगणं रेकॉर्ड करून ठेवता आलं तर जरूर ठेवावं. मी माझ्या आत्याला विचारलंय, ती यायला तयार आहे.

आपला,
एक वाचक, विश्रांतवाडी, पुणे