टर्बो नवीन बसवला, मॅनिफोल्डमधलं तेल जिथल्या तिथे: अधिकृत वर्कशॉपविरुद्ध तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
ट्रक उत्पादक कंपनीचे मुख्य कार्यालय

विषय : इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) तेल का साचतं हे न शोधता टर्बो (इंजिनात दाबाने हवा ढकलणारा पंखा) बदलल्याबद्दल, आणि आता इंजिन खोलायला सांगितल्याबद्दल.

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळच्या एका गावात राहतो. आपल्या कंपनीचा बीएस-६ ट्रक माझ्या नावावर आहे, पासिंग एमएच-२९ चं, आणि गाडी मीच चालवतो. ड्रायव्हर ठेवलेला नाही, दुसरी गाडीही नाही. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या की रुईच्या गाठी भरून ४४ नंबरच्या हायवेने आदिलाबाद, हैदराबाद करत तामिळनाडूच्या गिरण्यांपर्यंत जातो. हंगाम सरला की वणीचा कोळसा. गाडीची प्रत्येक सर्व्हिस आपल्याच अधिकृत वर्कशॉपमध्ये झाली आहे. सगळी बिलं आणि जॉबकार्डाच्या प्रती या पत्रासोबत जोडल्या आहेत, त्यामुळे रकमा इथे पुन्हा लिहीत नाही.

वॉरंटी संपल्यानंतर या हंगामात गाडी सकाळच्या पहिल्या स्टार्टला निळसर धूर टाकू लागली. भरल्या गाडीला चढावर दम लागायचा. गेजवर (तेल मोजायच्या पट्टीवर) इंजिनचं तेल खाली जात होतं, पण खाली जमिनीवर एक थेंब दिसत नव्हता. टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होज पाइपाच्या जोडावर मात्र तेल पाझरून त्यावर धूळ आणि रुईचे तंतू चिकटले होते. म्हणून गाडी वर्कशॉपला नेली.

तिथल्या सुपरवायझरांनी मॅनिफोल्डकडे जाणारा पाइप सोडला, आत बोट फिरवलं आणि तेलाने माखलेलं बोट मला दाखवलं. "तेल आहे म्हणजे टर्बोचं सील गेलं." लॅपटॉप लावला, त्यात बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, कमी दिसला. मग टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून दाखवला, "बघा, हलतोय." तपासणी एवढीच. टर्बो बदलला, बिल मी भरलं.

पुढची खेप करून आलो तर तोच पाइप पुन्हा ओला आणि गेज पुन्हा खाली. गाडी परत नेली तेव्हा त्याच वर्कशॉपने सांगितलं की थोडंफार तेल सगळ्याच इंजिनांत येतं, काळजी करू नका. टर्बो बदलायला लावलं तेव्हा हेच तेल बिघाडाचा पुरावा होतं. माझे पैसे जमा झाल्यावर ते नॉर्मल कसं झालं? तेल खरंच कमी होतंय असा मी हट्ट धरला, तर उत्तर आलं, "मग पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील, इंजिन खोलावं लागेल." अंदाज हाती दिला. लाखाच्या घरातला.

मी इंजिन खोलू दिलं नाही. पांढरकवड्याच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी लावली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टर्बो काहून बदलला भाऊ? आंधी ब्रीदर त पाहा लागत होता."

त्यांनी काय केलं ते सविस्तर लिहितो, कारण आपल्या वर्कशॉपने ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

आधी त्यांनी एअर फिल्टर पाहिला. फिल्टर चोंदला असेल तर टर्बो हवेसाठी ओढ घेतो आणि त्या ओढीने धड सीलमधूनही तेल खेचलं जातं. जिनिंगच्या आवारात रात्र रात्र उभ्या राहणाऱ्या गाडीत ही शंका पहिली. फिल्टर ठीक निघाला. मग टर्बोच्या अलीकडचा, म्हणजे एअर फिल्टरकडून येणारा पाइप सोडला. माझ्या गाडीत इंजिनच्या पोटातली वाफ ब्रीदरमधून बाहेर पडते, त्याच्या ऑइल सेपरेटरमधून (वाफेतलं तेल गाळणाऱ्या भागातून) येऊन टर्बोच्या तोंडाशीच या पाइपाला मिळते. तेल इथेच असेल तर संशय ब्रीदरवर. इथे कोरडं आणि टर्बोच्या पुढे ओलं असेल तर टर्बोवर. इथे नुसता ओलावा होता, आणि टर्बोच्या पुढे तेल साचलेलं. म्हणजे तेल टर्बोतूनच येत होतं. वर्कशॉपचं एवढं म्हणणं मी मान्य करतो. पण हा टर्बो नवाकोरा होता. तो का तेल टाकतोय, हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता.

टर्बोच्या बेअरिंगमधून गेलेलं तेल पंपाने परत येत नाही, आपल्या वजनाने खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, उतरतं. चेंबरमध्ये दाब वाढला की ते उतरायचं थांबतं, टर्बोत तुंबतं आणि सीलमधून हवेच्या बाजूला निघतं. टर्बो कितीही बदला. दाब मोजायला मिस्त्रींनी गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी घेतली, यू आकारात फळीला बांधली, अर्धी पाण्याने भरली आणि तिचं एक टोक डिपस्टिकच्या, म्हणजे त्याच गेजच्या, नळीवर घट्ट बसवलं. इंजिन सुरू करून रेस दिली तर एका बाजूचं पाणी सरसर खाली आणि दुसऱ्या बाजूचं वर. पाणी बाहेर उडतंय की काय असं वाटलं. मग ब्रीदरचा सेपरेटर खोलला. त्यातलं एलिमेंट (गाळणी) काळ्या चिकट्याने गच्च भरलेलं होतं, म्हणून वाफ बाहेर न पडता चेंबरमध्ये दाब वाढत होता. नवीन एलिमेंट टाकून पुन्हा रेस दिली, तर पाणी दोन्हीकडे जवळपास सारखं. रिंगा गेल्या असत्या तर नवीन एलिमेंट टाकूनही पाणी चढलं असतं. म्हणजे इंजिन खोलायचा सल्लाही गेला.

नंतर त्यांनी इंटरकूलर काढून धुतला, पाइप पुसून कोरडे केले. मॅनिफोल्डमध्ये जिथे ईजीआरची (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेची) काजळी येऊन मिळते तिथे तेल आणि काजळीचा डांबरासारखा थर बसला होता, तो खरवडून काढला. आता धावून आल्यावर पाइपाच्या आत बोटाला जेमतेम तेलकटपणा लागतो, आणि गेज जिथे होतं तिथे आहे.

इंटरकूलरचा मुद्दा मुद्दाम मांडतो. टर्बो बदलताना वर्कशॉपने तो धुतलाच नव्हता, बिलावर ते काम नाही. इंटरकूलरच्या पोटात जुनं तेल बरंच राहतं आणि पुढे कितीतरी दिवस मॅनिफोल्डकडे जात राहतं. तेव्हा दोष खरोखर जुन्या टर्बोचाच असता, तरी दुरुस्ती झाली की नाही हे यांना कळलं नसतं. आधी सगळं कोरडं करायचं, मग गाडी पळवून पाहायचं, एवढी साधी गोष्ट आहे. शाफ्टचंही तसंच. तेलाचा दाब नसताना चांगल्या टर्बोचा शाफ्टही आडवा थोडा हलतो. टर्बोच्या आतलं व्हील हाउसिंगला घासलं आहे का हे पाहायचं असतं, आणि शाफ्ट पुढेमागे किती हलतो, हे डायल गेज लावून मोजायचं असतं. माझ्यासमोर ते काढलं नाही, आणि जॉबकार्डावर एकही आकडा नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, ती माझ्या खर्चाने.

जे एलिमेंट चोंदलं होतं ते ठरावीक किलोमीटरला बदलायचं, असं आपल्याच मालक पुस्तिकेतल्या सर्व्हिसच्या तक्त्यात छापलेलं आहे. ते किलोमीटर उलटून गेल्यावर झालेल्या सर्व्हिसचं बिल माझ्याकडे आहे, त्यात एलिमेंट नाही. टर्बोच्या मानाने त्याची किंमत किरकोळ आहे. जुना टर्बो मी मागितला तर तो कंपनीला परत गेला असं तोंडी सांगितलं. कागद दिला नाही.

माझी मागणी अशी. टर्बो आणि त्याच्या मजुरीचे पैसे परत मिळावेत. जुना टर्बो मला द्यावा, नाहीतर त्याचा तपासणी अहवाल द्यावा. तो खरंच खराब होता असं मोजमापासह दाखवलं तर त्यापुरती मागणी मी सोडेन. एलिमेंट का बदललं नाही याचं लेखी उत्तर हवं. शिवाय इतके दिवस जळालेल्या तेलाची राख डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) बसली असणार, आणि राख रिजनरेशनने, म्हणजे साचलेली काजळी जाळून टाकण्याने, जात नाही. म्हणून डीपीएफची तपासणी आणि गरज पडल्यास सफाई कंपनीच्या खर्चाने व्हावी, पण त्या वर्कशॉपमध्ये नको. गाठींच्या ऐन हंगामात गाडी उभी राहिली आणि बँकेचा हप्ता थांबला नाही, त्याची भरपाई किती ते आपण सांगा, मग बोलू.

ट्रक हे धंद्याचं वाहन, म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं वर्कशॉपच्या मॅनेजरांनी मला ऐकवलं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरलेली नाही, आणि तक्रार राहत्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. १९१५ या हेल्पलाइनवर मी नोंद केली आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकणार आहे. काढून टाकलेलं एलिमेंट पिशवीत बांधून ठेवलं आहे, नळीतल्या पाण्याचा आधीचा आणि नंतरचा व्हिडिओ मोबाइलमध्ये आहे. आपला माणूस पाठवायचा असेल तर आदल्या दिवशी फोन करावा, मी खेपेवर असू शकतो.

आपला,
ट्रकमालक व चालक,
ता. केळापूर, जि. यवतमाळ