राजगुरूंची गोष्ट सतलजपर्यंत सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२३ मार्च आला की मराठी वर्तमानपत्रांत भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांची छायाचित्रे छापून येतात, फाशीच्या संध्याकाळची हकिकत येते आणि लेख तिथेच थांबतो. तिघांचे देह लाहोरच्या तुरुंगातून कुठे नेले, त्यांना अग्नी कुठे दिला, ती जागा आज कोणत्या देशात आहे, हे क्वचितच वाचायला मिळते. मी खेड तालुक्यातली. आमच्या गावाला सरकारी कागदावर राजगुरुनगर म्हणतात. भीमेकाठच्या राजगुरुवाड्यात शाळेतून रांगेने गेलेली आमची पिढी. शिवराम हरी राजगुरू, जन्म २४ ऑगस्ट १९०८, हे आम्हाला झोपेतही पाठ होते. पण त्या वाड्यात जन्मलेल्या मुलाची राख कोणत्या नदीत पडली, हे आम्हाला कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

ते सांगितले माझ्या मैत्रिणीने. पुण्यात कॉलेजात असताना आम्ही वसतिगृहात एका खोलीत राहायचो. तिचा नवरा सैन्यात आहे, त्यामुळे सध्या ती फिरोजपूर कॅन्टोन्मेंटमध्ये असते. मी नोकरीसाठी दिल्लीत. मूळची कराडकडची असल्याने तिचे बोलणे एक घाव दोन तुकडे. फोनवर म्हणाली, "अगं, तुझ्या गावचा माणूस इथं नदीकाठी आहे आणि तू दिल्लीत बसून काय करतीयस? शुक्रवारी रात्री गाडीत बस, रविवारी रात्री परत सोडते तुला."

ही गाडी म्हणजे आपली पंजाब मेल. मुंबईहून सुटते, कल्याण, नाशिक रोड, भुसावळ करत दिल्लीला येते आणि पुढे फिरोजपूरला जाऊन संपते. १९१२ साली सुरू झाली तेव्हा ती लाहोर ओलांडून थेट पेशावरला जायची. फाळणीने तिचा रस्ता फिरोजपूरला तोडला. माझ्या डब्यात भुसावळला चढलेले एक जोडपे होते, मुलगा सीमेवर आहे म्हणून त्याला भेटायला निघालेले. त्यांच्याकडून शेंगदाण्याची चटणी आणि कळण्याची भाकरी मिळाली. त्यांनाही ठाऊक नव्हते की गाडी जिथे थांबते तिथून राजगुरूंची समाधी दहा-अकरा किलोमीटरवर आहे.

शनिवारी दुपारी मैत्रीण मला समाधीच्या जागी, हुसैनीवाल्याला घेऊन गेली. दोन्ही बाजूंना हिरवा गहू, मध्येच सैन्याच्या चौक्या, मग सतलजवरचे हेडवर्क्स, म्हणजे नदीचे पाणी कालव्यांत वळवणारा बंधारा. नदी ओलांडली की स्मारक आणि त्याच्या थोडे पुढे सरहद्द. रेल्वेचा रूळही इथवर येऊन संपतो. पूर्वी तो कसूरमार्गे लाहोरला जायचा.

फाशी खरे तर २४ मार्चच्या सकाळी व्हायची होती. सरकारला लोकांच्या संतापाची भीती होती, म्हणून ती आदल्या संध्याकाळीच, २३ मार्च १९३१ रोजी उरकली. नंतर तुरुंगाची मागची भिंत फोडून देह बाहेर काढले आणि रात्रीच्या अंधारात गंडासिंगवाला गावाजवळ सतलजकाठी आणले. तिथे घाईघाईने चिता पेटवली आणि राख नदीत टाकली. राजगुरू तेव्हा बावीस वर्षांचे होते. काशीला संस्कृत शिकायला गेलेला, नेमबाजीत तरबेज असलेला खेडचा मुलगा, आणि त्याच्या चितेपाशी घरचे कोणी नाही. आमच्याकडे माणूस गेला तर चार गावचे लोक जमल्याशिवाय तिरडी उचलत नाहीत. समाधीसमोर उभी राहिले तेव्हा मला सगळ्यात जास्त हेच लागले.

पुढची गोष्ट तर आपल्याकडे आणखीच कमी लोकांना माहीत आहे. १९४७ च्या फाळणीत चितेची ही जागा पाकिस्तानात गेली. म्हणजे पुढची तेरा-चौदा वर्षे या तिघांची शेवटची जागा परक्या देशात होती. जानेवारी १९६१ मध्ये भारताने फाझिल्का भागातली, सुलेमानकी हेडवर्क्सजवळची १२ गावे पाकिस्तानला दिली आणि हा तुकडा परत घेतला.

बारा गावे हा आकडा वाचताना छोटा वाटतो. त्याचे वजन मला मैत्रिणीकडे दूध घालणाऱ्या सरदारजींनी समजावले. त्यांची थोडी जमीन काटेरी कुंपणापलीकडे आहे. कुंपण आपल्या हद्दीत थोडे आत घातलेले, त्यामुळे अशी हजारो एकर भारतीय शेती कुंपण आणि सरहद्द यांच्या मध्ये अडकली आहे. सीमा सुरक्षा दल ठरल्या वेळी फाटक उघडते, झडती होते, ओळखपत्र दाखवायचे, जवानांच्या नजरेखाली नांगरायचे, वेळ झाली की परत. उंच वाढणारे पीक घ्यायला मनाई. सतलज फुगली की सगळेच पाण्यात. एवढे सोसूनही ते जमीन सोडायला तयार नाहीत. म्हणाले, "बेटी, शेतकऱ्याच्या हातून वीतभर जमीन सुटत नाही. आणि इथे बारा गावं दिली, ती या तिघांसाठी." हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, अभिमान होता. मी शेतकऱ्याची मुलगी आहे. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेले दावे पाहिले आहेत. बारा गावांचा अर्थ मला तिथे कळला.

स्मारक १९६८ साली उभे राहिले. १९७१ च्या युद्धात हा भाग पाकिस्तानी सैन्याच्या हाती पडला, स्मारकाची मोडतोड झाली, ते १९७३ मध्ये पुन्हा उभारले. तिघांच्या शेजारीच बटुकेश्वर दत्तांची समाधी आहे. असेंब्लीत भगतसिंगांबरोबर बाँब टाकणारे दत्त १९६५ साली दिल्लीत वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना इथे आणले. भगतसिंगांच्या मातोश्री विद्यावती यांनाही इथेच अग्नी दिला. आईला मुलाजवळ जागा मिळाली, हे वाचून मला राजगुरूंच्या आईची, पार्वतीबाईंची आठवण झाली.

समाधीपाशी एका पंजाबी आजींनी विचारले, कुठून आलात. राजगुरूंच्या गावची म्हटल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि नातवंडांना पुढे बोलावून सांगितले, या आपल्या राजगुरूंच्या गावच्या. आपल्या! मला त्या शब्दाने भरून आले. सरहद्दीवरचा संध्याकाळचा ध्वज उतरवण्याचा सोहळा अमृतसरजवळच्या अटारी-वाघापेक्षा लहान असतो. तो पाहिला, पण मन समाधीपाशीच होते.

रात्री आम्ही दोघी उशिरापर्यंत बोलत बसलो. मैत्रीण म्हणाली, इथे बदलून आलेल्या मराठी कुटुंबांना ती आवर्जून स्मारक दाखवते, पण खास समाधीसाठी महाराष्ट्रातून आलेले तिला फारसे कोणी भेटलेले नाही. अमृतसरला जाणारे अटारी पाहतात आणि परततात.

म्हणून हे पत्र. येत्या २३ मार्चच्या अंकात फाशीनंतरची रात्र, ती १२ गावे आणि हुसैनीवाला यांवर सविस्तर लेख द्यावा. सोबत नकाशा द्यावा, म्हणजे मुलांना खेड आणि सतलज एका कागदावर दिसतील. वाचकांना हेही कळू द्या की मुंबई, नाशिक, भुसावळहून फिरोजपूरला थेट गाडी आहे, आणि २३ मार्चला तिथे मोठा मेळा भरतो तेव्हा फिरोजपूरहून हुसैनीवाल्यापर्यंत खास रेल्वेही सोडतात. सरहद्दीचा भाग असल्याने ओळखपत्र जवळ हवे आणि सोहळा लोकांसाठी खुला आहे का, हे निघण्याआधी विचारून घ्यावे. पुणे जिल्हा परिषदेला माझी विनंती आहे की दरवर्षी खेड तालुक्यातल्या काही शाळकरी मुलांना तरी त्या मेळ्याला न्यावे आणि सोबत राजगुरुवाड्यातली मूठभर माती द्यावी. मुलांना नेणार असाल तर उतरण्याची सोय फिरोजपूरच्या मराठी कुटुंबांत करायला माझी मैत्रीण तयार आहे. तिने तसे मला लिहायलाच सांगितले आहे.

आपली,
एक वाचक
(मूळ राजगुरुनगर, जि. पुणे, सध्या दिल्ली)