ऑपरेशनच्या आधी एकदा तरी सांगा

संपादक महोदय, नमस्कार.

मागच्या वर्षी एका हॉस्पिटलात सिस्टरनी आमच्या दादांच्या पोटावर बेंबीच्या डाव्या बाजूला निळ्या पेनाने गोल काढला, शौच जमा होण्याची पिशवी इथे बसणार म्हणून. दादांना गुदाशयाचा कॅन्सर, अगदी खाली, शौचाच्या जागेला लागून. त्याआधी कितीतरी महिने रक्त पडत होतं आणि आम्ही मूळव्याध समजून मलम आणत बसलो, ते दुःख वेगळंच.

तिथे सांगितलं, सगळं काढावं लागेल, पिशवी कायमची. दुसरा काही मार्ग असू शकतो हे कोणी बोललंच नाही. आत्या हट्टाला पेटली म्हणून मुंबईला दाखवलं, तिथले डॉक्टर एमआरआय बघून म्हणाले आधी रेडिएशन आणि किमो पूर्ण करू, गाठ पूर्ण गेली तर ऑपरेशन न करता नुसतं लक्ष ठेवू.

मी नंतर वाचत गेलो तर हे काही कालपरवाचं नाही हो! ब्राझीलच्या डॉ. अँजेलिटा हाबर-गामा यांनी २००४ सालीच छापलंय, २६५ पेशंटपैकी ७१ जणांची गाठ रेडिएशन-किमोने दिसेनाशी झाली आणि त्यांना ऑपरेशनशिवाय देखरेखीखाली ठेवलं. पुढे अमेरिकेत ओप्रा नावाच्या ट्रायलमध्ये ३२४ पेशंट होते, त्यातल्या जवळपास निम्म्यांचा गुदाशय ३ वर्षांनंतरही शाबूत होता.

सगळ्यांना हे लागू पडत नाही, हेही लिहितो. गाठ गेलेल्यांपैकी साधारण चारातल्या एकाला ती त्याच जागी परत येते, बहुतेक पहिल्या २ वर्षांतच, आणि मग ऑपरेशन करावंच लागतं. म्हणून दर तीन महिन्यांनी बोटाने तपासणी, दुर्बीण, एमआरआय, एकही तारीख चुकवून चालत नाही. कराडहून मुंबई, रजा, खर्च, ज्याला हे झेपणार नाही त्याने सरळ ऑपरेशन करून घेतलं तर ते बरोबरच आहे, पिशवी लावून शेती करणारी माणसं मी बघितलीत. पण आधी पेशंटला विचारा तरी! आणि ही तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी झाली तर किती लोकांना हा मार्ग धरता येईल, सरकारने एवढं तरी बघावं.

दादांच्या पोटावरचा तो गोल आठवडाभरात अंघोळीने गेला. चौदा महिने झाले, गाठ नाही, शौचाची घाई होते कधीकधी, पण पिशवी नाही. येत्या मंगळवारी परत तपासणी आहे, एसटीचं रिझर्व्हेशन केलंय.

आपला,
एक वाचक, कराड