सुपारीची रोपं आणि जानेवारीची रात्र

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत किनाऱ्यावरच्या शहरांच्या हवामानावर आलेला लेख मी दोनदा वाचला. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत म्हणून मुंबई आणि हाँगकाँग उष्णकटिबंधीय, उत्तरेला आहे म्हणून मायामी उपोष्ण, असं त्यात म्हटलं होतं. मुंबईचं बरोबर आहे. बाकी दोन्ही शहरांचं नेमकं उलटं आहे. मी भूगोलाची शिक्षिका नाही. नाशिकच्या मखमलाबादला माझी लहानशी रोपवाटिका आहे, आणि हा गैरसमज दरवर्षी गिऱ्हाइकाच्या रूपाने माझ्या दारात येतो, म्हणून लिहायला बसले.

मागच्या पावसाळ्यात डोंबिवलीहून निवृत्त होऊन नाशकात स्थायिक झालेले एक काका आले. त्यांना सुपारीची साठ रोपं हवी होती. मी देणार नाही म्हटलं. त्यांनी शांतपणे समजावलं, "अहो, मुंबई आणि नाशिक, दोन्ही उष्णकटिबंधातच येतात की!" रोपं त्यांनी दुसरीकडून आणली. जानेवारीच्या शेवटी दोन रोपं पिशवीत घालून ते पुन्हा आले, तेव्हा पानं तांब्याच्या रंगाची झाली होती आणि मधला सुरळीचा कोंब ओढताच हातात आला. मला फार वाईट वाटलं. माझं माहेर अलिबागजवळचं. लग्न होऊन आले तेव्हा आईने बरोबर दिलेली सुपारीची सहा रोपं माझीही पहिल्याच हिवाळ्यात गेली होती. तेव्हापासून परसात कमाल-किमान तापमापक टांगलेला आहे आणि रोज सकाळी त्याचे आकडे वहीत उतरतात.

आता काकांचं चुकलं कुठे? गंमत अशी की वर्गवारीपुरतं ते बरोबरच बोलत होते. जगभर सर्वांत जास्त वापरली जाणारी हवामानाची वर्गवारी व्लादिमिर कोपेन यांची. 1846 मध्ये सेंट पीटर्सबर्गला जन्मलेला हा माणूस वनस्पतिशास्त्र शिकलेला होता. कोणत्या जातीची झाडं कुठवर पसरली आहेत हे पाहून त्याने 1900 च्या सुमारास हवामानाच्या सीमा आखल्या, पुढे त्यात सुधारणा केल्या. त्याच्या हिशोबात अक्षांश येतच नाही. वर्षातला सर्वांत थंड महिना घ्यायचा आणि त्याची सरासरी पाहायची. ती 18 अंशांच्या वर असेल तर उष्णकटिबंधीय. त्याखाली उतरली, पण उन्हाळा कडक असेल, तर ज्याला आपण उपोष्ण म्हणतो तो प्रकार. पाऊस अगदीच तुटपुंजा असेल तर गाव आधीच शुष्क गटात जातं, कराचीसारखं. म्हणजे मे महिन्यात किती घाम येतो यावर काहीच ठरत नाही. सगळा निकाल जानेवारीत लागतो.

हाँगकाँग 22.3 अंश उत्तरेला, कर्कवृत्ताच्या आत. उन्हाळा मुंबईइतकाच चिकट. पण तिथे जानेवारीची सरासरी सुमारे साडेसोळा अंश. माझा भाचा मालवाहू जहाजावर आहे. त्याने जानेवारीत तिथल्या बंदरातून फोटो पाठवला, त्यात गळ्यापर्यंत जाकिटाची चेन ओढलेली होती. सैबेरियावर साचलेली थंड हवा हिवाळ्यात चीन ओलांडून थेट दक्षिण किनाऱ्यापर्यंत येते, वाटेत तिला अडवणारी मोठी भिंत नाही. कोलकाता हाँगकाँगपेक्षा थोडं उत्तरेलाच आहे, तरी तिथे जानेवारीची सरासरी 20 च्या आसपास राहते, कारण मध्य आशियाची थंड हवा आणि कोलकाता यांच्या मध्ये हिमालय उभा आहे. मायामी तर कर्कवृत्ताच्या बाहेर, पावणेसव्वीस अंशांवर. पण शेजारून समुद्राचा उबदार प्रवाह वाहतो आणि जानेवारीची सरासरी 20 अंशांच्या आसपास असते. 19 जानेवारी 1977 ला तिथे हिमकणसुद्धा भुरभुरले होते, तरी वर्गवारीत मायामी उष्णकटिबंधीयच.

मुंबई आणि नाशिकच्या जानेवारीचे सर्वसाधारण आकडे शेजारी ठेवून पाहावेत. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत दुपारी 31, पहाटे 17. नाशकात दुपारी 29 च्या आसपास, पहाटे दहाएक. दुपारी जेमतेम दोन अंशांचं अंतर, आणि पहाटे सहा-सात अंशांचं! सगळा फरक रात्रीचा आहे. पाणी उशिरा तापतं आणि उशिरा निवतं, म्हणून समुद्र वर्षभराची ऊब धरून बसतो. त्यात किनाऱ्याची हवा दमट. दमट हवा जमिनीची उष्णता रात्री सहजासहजी निसटू देत नाही. आपण समुद्रापासून सरळ रेषेत शंभरावर किलोमीटर आत, सह्याद्रीच्या पलीकडे, जवळपास 600 मीटर उंचीवर. हवा कोरडी, आभाळ निरभ्र. सूर्य गेला की ऊब गेली. शाळेत आम्ही खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, पण त्यांचं मोल मला नाशकात आल्यावर कळलं.

समुद्र किती जवळ हवा, तेही पाहा. 22 जानेवारी 1962 ला सांताक्रूझला पारा 7.4 अंशांवर उतरला. मुंबईचा तो नीचांक. त्याच दिवशी तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या कुलाब्याला 11.7 नोंदले गेले. एकाच शहरात चार अंशांहून जास्त फरक.

तर सरासरी पाहिली तर नाशिकचा जानेवारी वीसच्या आसपास भरतो, म्हणजे तेही उष्णकटिबंधीयच. द्राक्षवेल याची साक्ष देते. युरोपात ती हिवाळ्यात पानं टाकून झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून बागायतदाराला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोड्या बहराची छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. पण रोप सरासरीत जगत नाही, ते एकेका रात्रीत जगतं. नाशिकजवळच्या निफाडकडे पारा 5 च्या खाली गेला की पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटतात, ठिबकचं पाणी सोडतात, तरी मण्यांना तडे जातात. कोपेनची 18 अंशांची रेघ मोठ्या प्रदेशाची ओळख सांगते, त्यासाठी मी तिला मानते. माझ्या शेडनेटखालचं जायफळ आणि मिरवेल मात्र वहीतला किमान आकडा बघूनच झाकायची असतात. नारळ नाशकात जगतो, पण फळ धरायला रडतो. सुपारी आणि नीरफणस मी विकतच नाही.

म्हणून दोन विनंत्या आहेत. हाँगकाँग आणि मायामीची दुरुस्ती कृपया छापावी. दहावीची मुलं पुरवणीतली कात्रणं वहीत चिकटवतात, माझी नातही त्यातलीच. दुसरी विनंती माझ्या धंद्याची आणि काकांसारख्या अनेकांची. आपल्या पानावर कमाल तापमान ठळक असतं आणि किमान तापमान कोपऱ्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नाशिक, निफाड, सांताक्रूझ आणि कुलाबा या चार ठिकाणांचं किमान तापमान एकाखाली एक, ठळक छापाल का? चार ओळींची जागा लागेल. तो तक्ता कापून मी रोपवाटिकेच्या फाटकावर लावीन, रोज.

आपली,
एक नियमित वाचक आणि रोपवाटिकाचालक,
मखमलाबाद, नाशिक