डोक्याला मार आणि समालोचकाचा शब्द : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

माननीय क्रीडामंत्री महोदय,
स.न.वि.वि.

मैदानात कुणाच्या डोक्याला लागलं की त्यावर काय बोललं जातं, काय छापलं जातं, याचा अभ्यास हे माझं काम. मेंदूची दुखापत हा डॉक्टरांचा प्रांत, हे मान्य. पण चक्कर येतेय हे सांगायचं की दात-ओठ खाऊन खेळत राहायचं, हे खेळणारी मुलं बरंचसं समालोचन ऐकून आणि बातम्या वाचून शिकतात. म्हणून हे पत्र डॉक्टरांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

ऑगस्ट २०१९, लॉर्ड्स. जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर, कानाच्या खाली आदळला आणि तो जमिनीवर कोसळला. तेव्हा त्याच्या ८० धावा झाल्या होत्या. तपासणी झाली आणि साधारण पाऊण तासाने तो पुन्हा फलंदाजीला उतरला, ९२ वर बाद झाला. या पुनरागमनाची गोष्ट रंगते ती जिद्दीची गोष्ट म्हणून. दुसऱ्या दिवशी मात्र लक्षणं दिसू लागली, तो सामन्याबाहेर गेला आणि मार्नस लाबुशेन कसोटीतला पहिला कन्कशन (डोक्याला मार बसून मेंदूला बसणारा हादरा) बदली खेळाडू ठरला. पुढच्या हेडिंग्लेच्या कसोटीलाही स्मिथला मुकावं लागलं. कन्कशनची लक्षणं कधी कधी तासांनी, दुसऱ्या दिवशीही उमटतात, हे प्रेक्षकाला समजावून सांगायला याहून चांगली संधी कोणती होती?

डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराला मिचेल स्टार्कचा चेंडू रवींद्र जडेजाच्या हेल्मेटला लागला. त्याच्या जागी आलेल्या युझवेंद्र चहलने तीन बळी घेतले आणि सामनावीराचा मान मिळवला. मग वाद पेटला तो बदली नियमात बसते का, कुणाचा फायदा झाला, यावर. जडेजाचं डोकं चर्चेच्या कडेला राहिलं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात शिवम दुबेच्या जागी हर्षित राणा आला, तेव्हाही तेच. नियमावर प्रश्न जरूर विचारावेत. पण प्रत्येक बदलीकडे चलाखी म्हणून पाहिलं, तर उद्या एखादा खेळाडू डोकं गरगरत असताना, लोक संशय घेतील म्हणून गप्प बसेल. मला खरी भीती याची वाटते.

आणि ते वाक्य, ‘स्कॅनमध्ये काही आढळलं नाही, चिंतेचं कारण नाही’! कन्कशनमध्ये नेहमीचं सीटी स्कॅन बहुतेक वेळा स्वच्छच येतं. शुद्ध हरपणंही गरजेचं नाही; बहुतेकांची हरपतच नाही. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा क्रिस्टोफ क्रामर डोक्याला मार बसल्यावरही काही काळ खेळत राहिला आणि ‘हा अंतिम सामनाच ना?’ असं त्याने चक्क पंचांना विचारलं. पायावर उभा असलेला खेळाडू ठीक असतोच असं नाही. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर, विशेषतः कोवळ्या वयात, तो जिवावर बेतू शकतो.

पत्रकारिता मनावर घेते तेव्हा काय होतं, हेही जगाने पाहिलं आहे. अमेरिकी फुटबॉलमधल्या मेंदूच्या दुखापतींचा न्यूयॉर्क टाइम्सने २००७ पासून नेटाने पाठपुरावा केला. २००९ मध्ये तिथल्या संसदेत सुनावण्या झाल्या आणि एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगला नियम कडक करावे लागले. उलट्या टोकाची चूकही नको. वारंवारच्या आघातांशी जोडला गेलेला सीटीई हा विकार आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच खात्रीने सांगता येतो, त्यामुळे हयात खेळाडूवर तो शिक्का मारणाऱ्या मथळ्यांनी नुसती धास्ती पसरते.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. सार्वजनिक वाहिनीसाठी बोलणाऱ्या समालोचकांना हंगामापूर्वी एक दिवस डॉक्टरांसोबत बसवा. डोक्याला मार बसलेल्या खेळाडूबद्दलची पहिली माहिती कर्णधाराने किंवा प्रशिक्षकाने न देता वैद्यकीय पथकाने, साध्या भाषेत आणि खेळाडूच्या संमतीने द्यावी, असा दंडक संघटनांना घाला. ‘डोक्याला लागूनही खेळला, वाघ आहे’ यासारख्या कौतुकाऐवजी काय म्हणता येईल, त्याची दोन पानी पुस्तिका पत्रकार आणि डॉक्टर मिळून आठवड्याभरात लिहू शकतील. त्या कामाला मी आजही तयार आहे. आपल्या कार्यालयाने फक्त तारीख कळवावी.

आपली विश्वासू,
क्रीडापत्रकारितेची एक अभ्यासक