माथ्यावरचं पाणी

न्यूबरी, बर्कशायर, इंग्लंड

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तू म्हणालास, "कालव्यात काय बघायचं? आख्खी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली माझी." म्हणून मुद्दाम लांबलचक लिहितोय. आपला कालवा पाणी नेतो, इथला बोटी नेतो. त्यामुळे गणितच फिरतं. आपण तळाला जरासा उतार देतो आणि पाणी आपसूक शेतापर्यंत जातं. इथे पाणी जागेवर थांबायला हवं, आणि बोटीने टेकडी चढून पलीकडे उतरायला हवं.

हा केनेट-एव्हन कालवा. केनेट नदी रेडिंगला टेम्सला मिळते, एव्हन नदी बाथवरून ब्रिस्टलकडे जाते. न्यूबरीपर्यंत केनेट 1723 मध्ये आणि बाथपर्यंत एव्हन 1727 मध्ये बोटीजोगी झाली. दोन्ही कामं जॉन होर या एकाच माणसाची. मधल्या 57 मैलांना मात्र 1794 च्या कायद्यापर्यंत मुहूर्त लागला नाही. ते काम जॉन रेनी या अभियंत्याने केलं आणि 1810 मध्ये सलग मार्ग खुला झाला.

चढउतारासाठी लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेले हौद; पाणी भरलं की बोट वर, सोडलं की खाली. दारं मिटताना त्यांचं टोक चढ्या पाण्याकडे राहतं, त्यामुळे पाण्याचा दाबच ती आवळून धरतो. उघडायला लांब तुळईला पाठ लावून रेटायचं. मीही रेटलं; नातू हसत होता. डिव्हायझेसजवळ केन हिलला असे 29 लॉक आहेत, दोन मैलांत 237 फूट चढ. फोटो सगळे तिथलेच काढतात, पण तुझ्या कामाची गोष्ट माथ्यावर, म्हणजे कालव्याच्या सगळ्यात उंच टप्प्यात आहे.

बोट माथ्यापर्यंत चढली की एक हौदभर पाणी माथ्यावरून खाली गेलेलं असतं, पलीकडे उतरली की आणखी एक. हौद दोन लाख लिटरच्या वरचा. म्हणजे जितक्या बोटी, तितका माथा रिकामा. रेनीचा मूळ आराखडा माथा खाली ठेवून लांब बोगदा खणण्याचा होता. विल्यम जेसप या दुसऱ्या अभियंत्याने सुचवलं, माथा वर घ्या, बोगदा आखूड करा, पैसा वाचेल. वाचला. पण त्या उंचीवर पुरेसं पाणी नव्हतं, आणि कायमचा उपसा मागे लागला. टेंभू-म्हैसाळच्या उपसा योजनांच्या वीजबिलांबद्दल तुला मी काय सांगू! मला विचारशील तर रेनीचं खरं होतं.

उरलेला आखूड बोगदा 502 यार्डांचा. तोही खरं तर टळला असता, पण जमीनदार सरदाराला आपल्या जमिनीतून खोल चर नको होता. बोटी तेव्हा काठावरून घोडे ओढायचे, आणि आत घोड्याला वाट नाही. घोडा टेकडीवरून जायचा आणि नावाडी भिंतीवरची साखळी ओढत बोट पुढे न्यायचे.

क्रॉफ्टनला त्या उपशाचं वाफेचं इंजिन आहे, 1812 चं, बोल्टन-वॉट कंपनीचं. पाणी सुमारे 40 फूट चढवायचं. रोजचं काम आता विजेचे पंप करतात, पण ठरलेल्या दिवशी कोळसा घातला की हे म्हातारं अजूनही त्याच घरात तेच पाणी उपसतं. भलीमोठी तुळई वर-खाली होते आणि पायाखालची फरशी कळेल न कळेल अशी हलते.

तरी मला जास्त आवडलं ते बाथजवळचं क्लॅव्हर्टन. तिथल्या जुन्या यंत्राला ना कोळसा लागतो, ना वीज. एव्हनच्या प्रवाहावर पाणचक्की फिरते आणि तीच एव्हनचं थोडं पाणी 48 फूट वर कालव्यात ढकलते. 1813 पासूनची युक्ती. नदीकडूनच नदी उपसून घेतली रे! हे बघताना तू शेजारी हवा होतास.

पुढचं तू ओळखलंच असशील. 1841 मध्ये लंडन-ब्रिस्टल रेल्वे सुरू झाली, 1852 मध्ये रेल्वे कंपनीनेच कालवा विकत घेतला, मग हळूहळू गाळ आणि गवत. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं राबून तो पुन्हा उभा केला आणि 1990 मध्ये राणीच्या हस्ते परत सुरू झाला.

आता माझा प्रश्न. मूळ अस्तर इथे तुडवलेल्या चिकणमातीचं होतं. बाथजवळच्या फुटक्या चुनखडीवर ते टिकलं नाही, पाणी झिरपत राहिलं. शेवटी काँक्रीट करावं लागलं. आपल्या मातीच्या धरणांत काळ्या मातीचा गाभा घालता, तो इतकी वर्षं कसा तग धरतो? मातीचा गुण, की तो सतत ओला राहतो म्हणून? सविस्तर लिही, फोनवर उरकू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरविंद